कलावंताचे पोट
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कलेविषयी चार शब्द बोलण्याचे काम आज आमच्या वाट्यास आले आहे. आम्ही कलावंत नव्हे, शाळामास्तर. परंतु ‘मुलाचा हात चित्रात चांगला आहे हो मास्तर, पण त्यावर पोट भरेल काय?’ हा पालकांचा प्रश्न आम्ही जन्मभर ऐकत आलो.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घाटकोपरच्या मंडळींस तर त्याचे उत्तर दूर शोधावयास नको. तेथील चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णाभाऊ साठे यांनी कित्येक वर्षे काढली. ज्या गृहस्थाने गिरणीत राबून लेखणी चालविली, त्याच्या ‘फकिरा’स १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. त्याच साली ते रशियास जाऊन आले. आणि १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात ते वारले, तेव्हा दारिद्र्य त्यांच्या उशाशीच होते. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले.

पालक घाबरतात ते उगीच नव्हे. म्हणूनच पुष्कळ गुणी माणसांनी नोकरी धरून कला सांभाळली. नारायण सुर्वे गिरणीत होते, मग शाळेत शिपाई आणि पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. (आमच्या पेशाचे, म्हणून त्यांचा अभिमान अंमळ अधिक!) निळू फुले यांनी पुण्यास माळीकाम केले. अमोल पालेकर बँकेत होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. १९६९ साली त्यांनी व्यवसाय सोडून रंगभूमीस वाहून घेतले. सुलभाताई देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिकवीत, आणि १९७४ पासून त्याच शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके होऊ लागली. ठराविक पगार हाती असला की न पटणारे काम नाकारता येते, हा नोकरीचा खरा उपयोग. मात्र त्याची किंमत झोपेने द्यावी लागते. दिवसभर कचेरी, संध्याकाळी दादरला तालीम, आणि मग बोरीवलीची शेवटची गाडी!

दुसरा मार्ग बाजाराचा. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी मुखपृष्ठे, दिवाळी अंक, दिनदर्शिका यांसाठी चित्रे काढली आणि त्यांची चित्रे मराठी घराघरांतील भिंतींवर लागली. काही विद्वान अशा कामास बाजारू म्हणून नाक मुरडतात. आम्हांस ते पटत नाही. गिऱ्हाईक रोख देते आणि चित्र रोज पाहते, यात कमीपणा कसला?

आता थोडे आपल्या घरचे बोलतो, राग नसावा. मंडपवाला, आचारी, ध्वनिक्षेपकवाला, सर्वांस आपले मंडळ रोख पैसे मोजते. गाणाऱ्या मुलीस मात्र शाल आणि श्रीफळ! ‘आपलीच मुलगी’ म्हणून घासाघीसही करावी लागत नाही. तबलजीच्या बाबतीत तर श्रीफळाचाही विसर पडतो. जी ज्ञाती आपल्याच कलावंतास फुकट राबविते, तिने ‘पोट भरेल काय?’ असे विचारावे, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

कार्यकारिणीस आमच्या दोन विनंत्या आहेत. शिक्षणनिधीच्या अर्जात वैद्यकी आणि अभियांत्रिकी यांचे रकाने आहेत; त्यांत चित्रकला, संगीत व नाट्य यांच्या अभ्यासक्रमांचाही रकाना घालावा. आणि आज येथे ज्यांनी गायन-वादन केले, त्यांचे मानधन मंडप उठण्यापूर्वी त्यांच्या हाती द्यावे. आमचे पाचशे एक रुपये आम्ही खजिनदारांकडे दिलेच आहेत. ते देणगीखाती न घालता तबलजींस द्यावेत.