समुपदेशक घडवताना कामगाराला विचारा

(शाखा सचिव व कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आजचा विषय पगाराचा नाही, बढतीचाही नाही. तरी तो आपल्या भाकरीशी जोडलेला आहे. कामगारांच्या मनावरचा ताण हलका करण्यासाठी समुपदेशक नेमावेत, अशी मागणी आपण करतो. ती रास्तच आहे. पण त्या समुपदेशकाला शिकवायचे काय, हे ठरवताना कामगाराला कोणी विचारणार आहे का? आज आम्ही हाच प्रश्न तुमच्यापुढे ठेवत आहोत.

रेल्वेत 'काउन्सेलिंग' हा शब्द जुनाच आहे. सिग्नलबाबत चूक झाली की ड्रायव्हरला समोर बसवून नियमांची उजळणी घेतात, त्याला आपण काउन्सेलिंग म्हणतो. गाडी सुरक्षित चालावी म्हणून ते लागते, त्याला आमचा विरोध नाही. पण ते समुपदेशन नव्हे. उजळणीत साहेब बोलतो आणि कामगार ऐकतो. समुपदेशनात कामगाराने बोलायचे असते आणि समोरच्याने ऐकायचे असते.

कामगाराजवळ बोलण्यासारखे काय असते, ते तुम्हाला सांगायला नको. रुळावर माणूस दिसतो, ब्रेक लावला जातो, पण भरधाव गाडी जागच्या जागी थांबत नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत हे घडते, त्याने रात्री घरी जाऊन कोणाला सांगायचे? ट्रॅकमनचा सोबती काम करता करता गाडीखाली जातो आणि त्याच सेक्शनवर दुसऱ्या दिवशी गँगला हातोडा उचलावा लागतो. टपाल खात्यात खाती आणि विम्याचे टार्गेट, आरएमएसची रात्रपाळी, सर्व्हर बंद पडला की काउंटरवरच्या कारकुनाने खायच्या शिव्या. हे सारे माणूस गिळत राहतो.

अशा माणसासमोर नुसते पुस्तक शिकलेला समुपदेशक बसवला तर काय होईल? तो सांगेल, वेळेवर झोपा, सकाळी फिरायला जा, घरच्यांना वेळ द्या. रात्री दोन वाजता लॉबीत साइन ऑन करणाऱ्याने या सल्ल्याचे काय करायचे? त्याहून मोठी गोष्ट भीतीची. 'मनातले बोललो तर उद्या मेडिकलला पाठवतील, गाडीवरून उतरवतील, माइलेज बुडेल.' ही भीती कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेली नाही, ती कामगारालाच ठाऊक आहे. तेव्हा शिकवण्याच्या जागी कामगार हवा.

ही कल्पना आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १९८३ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरात एड्सग्रस्त लोकांनी जाहीरपणे सांगितले की, आम्हाला नुसते रुग्ण समजू नका, आमच्याविषयी निर्णय घेणाऱ्या मंडळांवर आम्हालाही बसवा. पुढे औषधांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांना त्या त्या समाजातील लोकांची सल्लागार मंडळे नेमावी लागली.

आपल्या देशातील दाखला कोलकात्याच्या सोनागाछीचा आहे. १९९२ साली तेथे अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या वतीने डॉ. स्मरजित जाना यांनी एड्स प्रतिबंधाचे काम सुरू केले. माहिती सांगायला त्यांनी त्याच वस्तीतील देहविक्रय करणाऱ्या बायकांना तयार केले. त्या बायकांनी दाखवून दिले की, निरोधचे महत्त्व समजावून भागत नाही. कर्ज डोक्यावर असताना, गुंड आणि पोलीस दारात असताना गिऱ्हाईकाला नाही म्हणायची ताकद कोठून आणायची? म्हणजे खरा विषय सावकाराचा आणि दहशतीचाही होता. १९९५ साली त्यांची स्वतःची सहकारी पतसंस्था उभी राहिली, त्याच साली 'दुर्बार महिला समन्वय समिती' स्थापन झाली आणि १९९९ साली तो प्रकल्पच समितीच्या हाती आला. ज्यांना समाज माणसात धरत नव्हता, त्यांनी तज्ज्ञांना शिकवले. मग आपण रेल्वे-टपालवाले का मागे राहावे?

कोणी म्हणेल, समुपदेशन हे पदवीवाल्यांचे काम, त्यात तुम्हाला काय कळते? गोव्यात 'संगाथ' या संस्थेने एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन १२ सरकारी आणि १२ खाजगी दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवले. वर मानसोपचारतज्ज्ञांची देखरेख ठेवली. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी दवाखान्यांत उदासी आणि चिंतेच्या रुग्णांना स्पष्ट फायदा झाला, खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. साधा माणूस नीट शिकवला तर तो हे काम करू शकतो. आणि तीच विद्या प्रत्येक जागी सारखी चालत नाही, जागा पाहून पावले टाकावी लागतात. आपली जागा आपल्याइतकी कोणाला माहीत आहे?

म्हणून आमचे म्हणणे असे की, जेथे जेथे रेल्वे वा टपाल कामगारांसाठी समुपदेशक तयार केले जातील, तेथे कामगारांचे सल्लागार मंडळ असावे. ते कसे असावे, तेही सांगतो.

एक, मंडळात निम्म्याहून अधिक माणसे प्रत्यक्ष काम करणारी असावीत. लोको पायलट, ट्रॅकमन, पॉइंट्समन, सॉर्टर, पोस्टमन, ग्रामीण डाक सेवक. त्यात स्त्रिया असाव्यात आणि कामगाराच्या घरचेही कोणी असावे. सगळ्या खुर्च्या आम्हा पदाधिकाऱ्यांनी अडवू नयेत.

दोन, बैठकीचा दिवस ड्यूटी धरावा. रजा टाकून सल्ला द्यायला फार दिवस कोणी येणार नाही.

तीन, सरावाचे प्रसंग मंडळाने पुरवावेत. शिकाऊ समुपदेशकाने लॉबी, गँगची झोपडी आणि सॉर्टिंग ऑफिस यांतील रात्रपाळी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र मिळू नये.

चार, भाषेचा विचार व्हावा. आपली भरती देशभरची. मराठी पोरगा विजयवाड्याला असतो, बिहारचा पोरगा मनमाडला. रडण्याची भाषा आईचीच असते.

पाच, मंडळाचा सल्ला मानला नाही तर कारण लेखी द्यावे. नाही तर ही आणखी एक चहा-बिस्किटांची कमिटी होईल.

आता गुप्ततेचे बोलू. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे आणि त्याला काही अपवादही ठेवले आहेत. आपल्या गाडीत हजार-दीड हजार प्रवासी असतात. ज्याच्या हातून स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाला उघड धोका आहे, त्याच्याबाबत गप्प बसा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण कोणती गोष्ट डॉक्टरला कळवावी लागेल आणि कोणती चार भिंतींत राहील, हे आधी लिहून ठरवा, प्रशिक्षणात शिकवा आणि कामगाराला पहिल्याच भेटीत सांगा. मंडळालाही कोणाचे नाव कळता कामा नये. कोण आले हे त्याने विचारायचे नाही. येणारा परत का आला नाही, याची सर्वसाधारण कारणे तेवढी तपासायची.

मंडळाची मर्यादाही सांगतो. कोणाला काय आजार आहे आणि कोणते औषध द्यावे, ते तज्ज्ञच ठरवतील. त्यात आपण नाक खुपसायचे नाही.

एक धोका मात्र ओळखून असा. विश्रांती मिळत नाही, जागा रिकाम्या आहेत, एकाच्या अंगावर दोघांचे काम पडते, ही मनाची दुखणी नव्हेत. त्यांवर 'दीर्घ श्वास घ्या' हा उतारा चालणार नाही. समुपदेशकाकडे दहा माणसे एकाच रोस्टरचे गाऱ्हाणे घेऊन आली, तर नावे न सांगता ते मंडळापुढे यावे आणि तेथून वाटाघाटीच्या टेबलावर जावे. हा रस्ता प्रशिक्षणातच आखून दिला पाहिजे. नाही तर व्यवस्थेचा दोष कामगाराच्या डोक्यात शोधला जाईल.

टेबलावर बसणे आपल्याला नवे नाही. १९४७ च्या कायद्याने शंभर व अधिक कामगारांच्या कारखान्यांत वर्क्स कमिटीची तरतूद केली. १९५२ पासून रेल्वेत कायम वाटाघाट यंत्रणा, म्हणजे आपली पीएनएम, चालू झाली. १९५८ साली नागपुरात मुख्यालय असलेले कामगार शिक्षण मंडळ निघाले. त्याच्या कारभारात सरकार आणि मालकांबरोबर कामगार संघटनांचे प्रतिनिधी होते आणि त्याने कामगारांतूनच शिक्षक घडवले. कामगाराचे शिक्षण कामगाराला विचारून होऊ शकते, तर त्याचे दुःख ऐकणाऱ्याचे शिक्षणही त्याला विचारून व्हायला हवे.

तोवर कोणी अडचणीत असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक लॉबीत, गँगमध्ये आणि पोस्टात लावा. आणि पुढच्या शाखा सभेत हा विषय अजेंड्यावर घ्या, आपल्या सेक्शनमधून मंडळावर कोणाला पाठवाल त्यांची नावे काढा. मागणीपत्रात ओळ घालणे सोपे आहे. तिच्यामागे उभी राहणारी माणसे आपणच तयार करायची आहेत.

कामगार एकजुटीचा विजय असो!