मॅचसाठी की कमरेला? एक पिस्तूल, दोन कामं आणि माझा गोंधळ

मागच्या महिन्यात मी इन्स्टावर शूटिंग मॅचचा एक छोटा व्हिडिओ टाकला आणि इनबॉक्समध्ये दोनच प्रश्न आले. "कुठलं पिस्तूल आहे?" आणि "रोज जवळ बाळगतोस का?" पहिल्याचं उत्तर एका ओळीचं आहे. दुसऱ्याचं सापडायला मला वर्ष लागलं. म्हणून आजचा एपिसोड.

सुरुवात झाली डॅलसजवळच्या एका पेट्रोल पंपावर. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. बायको गाडीत बसलेली, मी पेट्रोल भरून नुकता आत आलो आणि एक माणूस काचेवर जोरजोरात हात आपटायला लागला. काय बोलतोय काही कळेना. मी गाडी काढली आणि निघालो. झालं एवढंच. पण रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधला एक सहकारी, पक्का टेक्सासचा, मला म्हणाला, "एक पिस्तूल घे. शनिवारी मॅच खेळ, बाकीचे दिवस कमरेला लाव." एका खर्चात दोन कामं! आपल्याला हे पटणारच.

पुढे जायच्या आधी कायदा, कारण तुमच्यातले बरेच जण इकडे यायच्या तयारीत असतात. एफ-१ किंवा एच-१बी व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवता येत नाहीत. वैध शिकार परवाना असणं, असे मोजके अपवाद आहेत. आणि "जवळ ठेवणं" म्हणजे फक्त विकत घेणं नाही बरं का. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरलं तरी ते त्यातच येतं. एका रीलसाठी व्हिसा घालवू नका. मी हे सगळं ग्रीन कार्ड आल्यानंतर केलं. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, ज्याला कायद्याने बंदूक ठेवता येते अशा २१ वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल बाळगायला वेगळा परवाना लागत नाही. दुसऱ्या राज्यात नियम दुसरे. भारतात तर ९ एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, साध्या परवान्यावर मिळत नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरमध्ये सुवर्ण जिंकलं, ते पिस्तूलही सेमी-ऑटोमॅटिकच, पण पॉइंट टू-टूचं.

आता मशीन समजून घेऊ. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. त्याच झटक्याच्या जोरावर स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये भरते. तो झटका हातालाही बसतो. इथे अकरावीचं फिजिक्स आठवा. गोळी तीच, संवेग तोच. मग पिस्तूल जितकं जड, तितकं ते कमी वेगाने मागे येणार आणि नेम लवकर परत जागेवर बसणार.

म्हणून मॅचवाल्यांना जड पिस्तूल आवडतं. सीझेड शॅडो २ घ्या. पूर्ण स्टीलचं, रिकामं असताना साधारण १.३ किलो. रेंजवर भाड्याने घेऊन चालवलं आणि मी प्रेमातच पडलो. जागचं हलतच नाही! पण गोळ्या भरल्यावर ते जवळजवळ दीड किलो होतं. दीड किलोची साखरेची पिशवी पॅन्टच्या आत खोचून दिवसभर कोडिंग करून बघा. दुसऱ्या टोकाला सिग पी३६५. अर्धा किलो, नळी जेमतेम ७९ मिलिमीटर, मूळ मॅगझिनमध्ये १० गोळ्या. शर्टाखाली दिसत नाही. पण ५० गोळ्या झाडल्यावर माझा तळहात बोलायला लागला आणि टार्गेटवर भोकं सगळीकडे पसरली. लपवायला जे सोपं, ते चालवायला अवघड. हा व्यवहार कुठल्याच कंपनीला चुकलेला नाही.

मधली वाट म्हणजे ग्लॉक १९. साधारण ६७० ग्रॅम, १५ गोळ्या, १०२ मिलिमीटरची नळी. जगभर खपतं ते याच तडजोडीमुळे. मीही तेच घेणार होतो. पण मित्र म्हणाला, "आधी माझ्या ग्लॉकवर एक मॅच खेळ, मग ठरव."

मॅचचे दोन मोठे प्रकार सांगतो. यूएसपीएसएमध्ये तुमचे गुण भागिले तुमची वेळ. वेग आणि नेम, दोन्हींचा हिशोब. आयडीपीएमध्ये प्रसंग जास्त खऱ्यासारखा उभा करतात. पिस्तूल बहुतेक वेळा कपड्याखाली झाकलेलं, आडोसा घ्यायचा, आणि चुकीचे सेकंद तुमच्या वेळेत वाढतात. दोन्हीकडे पिस्तूल रिकामं ठेवूनच फिरायचं. रेंज ऑफिसर "मेक रेडी" म्हणाला की मगच भरायचं. हातातून पडलं, तर दिवस संपला, घरी जा.

माझी ती पहिली मॅच आयडीपीएची होती. एका स्टेजवर दोन हल्लेखोर आणि मध्ये एक नॉन-थ्रेट, म्हणजे निरपराध माणसाचं टार्गेट. पुठ्ठ्याचंच, त्यावर उघडे हात काढलेले. बीप वाजली. मी शर्ट वर केला, पिस्तूल काढलं आणि धडाधड पाच गोळ्या झाडल्या. वेळ मस्त आली म्हणून खूश होतो. रेंज ऑफिसर टार्गेटपाशी गेला आणि ओरडला, "हिट ऑन नॉन-थ्रेट." त्या उघड्या हाताच्या बाजूला छातीत माझी गोळी. दंड ५ सेकंद. त्याने भोकावर कागदाचा ठिगळ चिकटवला आणि पुढच्या खेळाडूला बोलावलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अरे, त्या रात्री पंपावर तुझ्याकडे पिस्तूल असतं, तर तू काय केलं असतंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो माणूस दारू प्यायलेला होता, की मदत मागत होता, आजही मला माहीत नाही. आणि रस्त्यावर भोकाला कागद चिकटवता येत नाही.

मग मी आपल्या धंद्यातलं काम केलं. लॉग ठेवला. महिनाभर, पिस्तूल न घेता, फोनमध्ये रोज नोंद केली की ते आज कुठे कुठे नेता आलं असतं. महिन्यात २२ दिवस ऑफिस. तिथे आत न्यायला मनाई. टेक्सासमध्ये ते पार्किंगमधल्या बंद गाडीत ठेवायला कायदा परवानगी देतो. म्हणजे माझं "रोज जवळ" असलेलं पिस्तूल रोज नऊ तास माझ्यापासून लांब, काच फोडून नेता येईल अशा जागी पडून राहणार. शनिवारी बारमध्ये क्रिकेट बघायला गेलो, तर तिथे ५१ टक्क्यांची लाल पाटी. जिथे निम्म्याहून जास्त कमाई दारूची, तिथे पिस्तूल नेणं गुन्हा. उरलं काय? किराणा आणि जिम. लॉग बघितल्यावर कळलं की मला रोज बाळगायला जमणारच नाही, आणि अर्धवट बाळगण्यात धोका माझ्यापेक्षा दुसऱ्यांना जास्त.

म्हणून मी ग्लॉक १७ घेतलं. १९पेक्षा जरा मोठं, १७ गोळ्या, नळी ११४ मिलिमीटरची. फक्त मॅचसाठी. उद्या आयुष्य बदललं आणि बाळगायची वेळ आलीच, तर १९ घेईन. ट्रिगर आणि पकड ओळखीचीच, १७ची मॅगझिन त्यात बसतातही. हाताला नव्याने शिकवावं लागणार नाही. पण आज नाही.

कुणाला निवडायचंच असेल, तर आधी काम ठरवा, मग मॉडेल. हातात धरून बघा. पकड न सरकवता बोटाचं पेर ट्रिगरवर नीट बसलं पाहिजे. मॅचसाठी हलका केलेला ट्रिगर कमरेला लावू नका. ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरवर पैसे वाचवू नका. आणि पिस्तुलाच्या आधी तिजोरीचं बजेट काढा. माझी कपाटात बोल्ट करून बसवली आहे आणि गोळ्या वेगळ्या कप्प्यात असतात.

त्या मॅचनंतर सात मॅच खेळलो. नंबर सांगण्यासारखा नाही. पण नॉन-थ्रेटला अजून पुन्हा गोळी लागलेली नाही, आणि घरी आल्यावर बायको पहिला प्रश्न तोच विचारते.

तुमचे प्रश्न पाठवा. पुढच्या भागात भेटूच. काळजी घ्या!