शाळेतच जमणारी कॉलेजची पुंजी
(महोत्सवातील भाषण)



२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय अभ्यासासही श्रेयांक देऊ केले आहेत. हिशेब सोपा: तीस तासांच्या अध्ययनास एक, वर्षाच्या १२०० तासांस चाळीस. ते जमा ठेवण्यास २०२१ मध्ये श्रेयांक पेढीही निघाली. मात्र विद्यापीठाने मानल्यावाचून ही पुंजी पदवीच्या कामी येत नाही. तेव्हा पालकांनी आधी चौकशी करावी.

आम्हा शिक्षकांना हुशार मुलाचे वर्ष वाचण्यापेक्षा, अडचणीने शाळा सुटलेल्या मुलीचे शिकलेले वाया न जाणे अधिक मोलाचे वाटते. विश्वस्तांनी पहिल्या आलेल्यास बक्षीस द्यावेच. पण मांद्र्याहून विर्नोड्याच्या कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या अशा मुलीचे बसभाडेही भरावे, ही आमची नम्र विनंती.