गोळी अर्धी करायची, पण सुरीने नाही

आज कोडिंग नाही, घरातला विषय आहे. माझ्या काकांना एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे. आम्ही भाईंदरला राहतो आणि काकांच्या औषधांचा हिशेब माझ्याकडे असतो.

काकांना व्हेनेटोक्लॅक्सची गोळी चालू आहे. नेहमीचा डोस रोज ४०० मिलिग्रॅम. मग बुरशीचा संसर्ग होऊ नये म्हणून पोसाकोनाझोल सुरू झालं आणि डॉक्टरांनी डोस थेट ७० वर आणला. आजी म्हणाली, "पैसे वाचवायला औषध कमी केलं का रे?"

तसं नाहीये. व्हेनेटोक्लॅक्सचा निचरा यकृतातलं सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम करतं. पोसाकोनाझोल त्यालाच अडवतं. मोरी तुंबली की आपण नळ बारीक करतो ना? तसंच. गोळी लहान झाली तरी रक्तात औषध पुरेसं राहतं. जुनाच डोस चालू ठेवला तर ते साचतं, पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात.

मग शंभराची गोळी कापायची का? अजिबात नाही. ही गोळी अख्खीच गिळायची असते. तुकडे सारखे होत नाहीत, शिवाय अशा औषधाची पूड घरातल्यांच्या हाताला लागू नये. ५० आणि १० च्या गोळ्या मिळतात: एक पन्नासची, दोन दहाच्या, झाले ७०. केमिस्टकडे नसतील तर सुरी शोधायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

खरी गोम पुढेच आहे. पोसाकोनाझोल बंद झालं की एन्झाइम पुन्हा कामाला लागतं आणि तेच ७० अपुरे पडतात. म्हणून ते थांबल्यावर साधारण दोन-तीन दिवसांनी डॉक्टर डोस परत वाढवतात. एक लायब्ररी काढली की तिच्यावर टेकलेला कोड आपण तपासतोच, तसं. आमच्या फ्रिजवरच्या कागदावर दोन्ही औषधं एकाच ओळीत आहेत, खाली लिहिलंय: 'एक बदललं तर फोन.'

हे फक्त पोसाकोनाझोलपुरतं नाही. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही एन्झाइम अडवतं. टीबीचं रिफाम्पिसिन उलट करतं, औषध लवकर संपवतं. ग्रेपफ्रूट वर्ज्य, आणि पपनस त्याच्याच कुळातलं. म्हणून गणपतीत त्याची फोड काकांना नाही.

तेव्हा साध्या सर्दीसाठी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलात तरी ती यादी खिशात ठेवा. आणि डोस स्वतःहून कमी करू नका, वाढवूही नका. भेटूया पुढच्या भागात.