मॉस्कोहून परतल्यावर

(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही डिप्लोमा करून सरकारी खात्यात लागलेले नोकर. इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. पण आपल्या हैदराबादेत नामपल्लीच्या ‘गोल्डन थ्रेशोल्ड’वरून आपण सगळेच ये-जा करतो. ते सरोजिनी नायडूंचे माहेर, एवढे आपल्याला ठाऊक असते. त्यांचे धाकटे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, म्हणजेच ‘चट्टो’, यांचे नाव मात्र क्वचितच निघते. आज त्यांच्याविषयी आणि अ‍ॅग्नेस स्मेडली या अमेरिकन बाईंविषयी बोलायचे आहे.

चट्टोंचा जन्म १८८० चा, इथलाच. विलायतेला शिकायला गेले ते क्रांतिकारकांत मिसळले. पहिल्या महायुद्धात बर्लिनला राहून जर्मनांच्या मदतीने इंग्रजांविरुद्ध खटपट केली. अ‍ॅग्नेसबाई मिसुरीतल्या गरीब घरच्या. न्यूयॉर्कमध्ये हिंदी स्वातंत्र्याच्या कामात पडल्या आणि त्यापायी १९१८ मध्ये तुरुंगात गेल्या. पुढे बर्लिनला दोघांची गाठ पडली. चट्टोंचे आधीचे लग्न कायद्याने मोडलेले नव्हते. तेव्हा दोघे लग्नाविनाच नवराबायको म्हणून राहू लागले.

१९२१ साली बर्लिनची हिंदी मंडळी मदत मागायला मॉस्कोला गेली. त्यांत हे दोघे होते, विवेकानंदांचे बंधू भूपेंद्रनाथ दत्त होते आणि आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. त्या वर्षी रशियात व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ होता. क्रोनश्टाटच्या खलाशांचे बंड क्रांतीच्या सरकारनेच मार्चमध्ये चिरडले होते. चट्टोंचे म्हणणे, आधी इंग्रजांना घालवू, त्यासाठी सगळ्यांची एकजूट करू. मानवेंद्रनाथ रॉय यांचे म्हणणे, आधी साम्यवादी पक्ष उभारू. रॉय यांचे पारडे जड ठरले. मंडळी रिकाम्या हाताने परतली.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. बर्लिनच्या घरात पैशांची चणचण, मागे हेरांचा ससेमिरा, आणि दारात सतत पाहुणे. आला-गेला जेवल्याशिवाय जायचा नाही, आणि रांधायचे अ‍ॅग्नेसबाईंनी. समतेसाठी जन्म वाहिलेले चट्टो घरात बायकोच्या पूर्वायुष्यावरून कुढत आणि संशय घेत. बाईंची तब्येत ढासळली, मन खचले. १९२५ च्या सुमारास दोघे वेगळे झाले. १९२९ मध्ये त्यांची ‘डॉटर ऑफ अर्थ’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी आली. त्यातल्या हिंदी नवऱ्याचे नाव आहे आनंद मानवेकर. आडनाव चक्क आपल्याकडचे, पण माणूस बराचसा चट्टोंचाच!

खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले. शेतीशास्त्र शिकवले, मक्याच्या वाणांवर काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या मोठ्या चित्रकाराने त्यांना भिंतीवर रंगवले. १९३६ मध्ये बेल्जियन बाईंशी त्यांनी संसार मांडला, आणि १९६७ मध्ये नागपुरात देह ठेवला.

चट्टो मात्र पुन्हा रशियालाच गेले. लेनिनग्राडला संशोधन करू लागले, तिथे लग्नही केले. १९३३ च्या सुमारास अ‍ॅग्नेसबाई त्यांना भेटल्या, तेव्हा ते थकलेले होते आणि त्यांना मायदेशी यायचे होते. ते जमले नाही. स्टालिनच्या राजवटीत जुलै १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि २ सप्टेंबरला गोळी घातली गेली. बाहेर हे अनेक वर्षे कोणाला नीट कळले नाही. शेवटी दप्तर उघडले तेव्हा तारीख मिळाली. आम्ही रोज फायली हाताळतो. एखाद्या माणसाचा शेवट फायलीत बंद पडून राहतो म्हणजे काय, हे आम्हाला जरा जास्तच बोचते.

या व्यासपीठावरून आपण त्याग केलेल्यांची नावे दरवर्षी घेतो, आणि घ्यावीतच. पण भ्रमनिरास मॉस्कोत झाला, त्याची किंमत मात्र बर्लिनच्या स्वयंपाकघरात चुकती झाली. आपल्यापैकी कितीतरी घरांत १९४७-४८ च्या धामधुमीच्या आठवणी आहेत. कोण जंगलात गेले, कोण तुरुंगात गेले, हे आपण नातवंडांना सांगतो. मागे चूल कोणी पेटती ठेवली, हेही सांगावे. आणि आजच्या तरुणांनी झेंडा कोणताही घ्यावा. मात्र सभेत जी समता मागतो ती आपल्या घरात आहे का, एवढे पाहावे. पक्ष फसवील, देश फसवील; घरचे माणूस जपले असेल तर माणूस पुन्हा उभा राहतो.

 गणपती बाप्पा मोरया!