दुकानातली खबर बांधापर्यंत का येत नाही?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



वेचणीचे दिवस आहेत, मजूर मिळत नाही, तरी एक दिवस मोडून तुम्ही इथे आलात. तेव्हा भाषण लांबवत नाही. एकच हिशेब मांडतो.

आम्ही कृषी महाविद्यालयात चार वर्षे शिकलो. बोंडअळी शिकलो, खताच्या मात्रा शिकलो, दोन ओळींतले अंतर शिकलो. कापूस गाडीत भरल्यानंतर त्याचे पुढे काय होते, हे कोणी शिकवले नाही. गावोगाव फिरू लागलो तेव्हा कळले, की शेतकऱ्याची खरी परीक्षा तिथूनच सुरू होते.

आपल्याकडे १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी आली. तीस वर्षे, म्हणजे २००२ साली खाजगी खरेदी खुली होईपर्यंत, कापूस सरकारलाच घालायचा असा कायदा होता. केंद्रावर गाड्यांची रांग, रात्रीचा मुक्काम, ग्रेडरने मुठीत कापूस धरून नजरेने ठरवलेली प्रत आणि मग चुकाऱ्यांची वाट. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी हे भोगले आहे. त्या काळात माल मागून पुढे ढकलला जायचा. शेतातून केंद्रावर, केंद्रातून जिनिंगला, तिथून गिरणीला. शेवटी कपडा कोण घेणार, कोणत्या रंगाचा घेणार, याच्याशी कुणाला देणेघेणे नव्हते.

त्याच काळात जगाच्या बाजारात उलटी गोष्ट घडत होती. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंग गमच्या पाकिटावरच्या काळ्या रेघा यंत्राने वाचल्या. आजच्या पद्धतीचा बारकोड दुकानात वाचला गेला तो हा पहिलाच. त्या दिवसापासून दुकानदाराला कोणता माल किती खपला हे त्याच क्षणी कळायची सोय झाली. इटलीतल्या बेनेटन कंपनीने स्वेटर कोरे विणून ठेवायचे आणि मागणी पाहून मग रंगवायचे, अशी रीत काढली. स्पेनची झारा तर कागदावरचे चित्र काही आठवड्यांत कपडा करून दुकानात टांगते. आता माल मागून ढकलला जात नाही, पुढून ओढला जातो. दुकान ओढते शिलाई कारखान्याला, कारखाना गिरणीला, गिरणी सूतगिरणीला, सूतगिरणी जिनिंगवाल्याला.

आणि जिनिंगवाला आपल्याला? इथे ही साखळी तुटते. ओढ आपल्यापर्यंत येते, खबर येत नाही.

२०२२ चा मे आठवा. रुईची खंडी, म्हणजे ३५६ किलो, लाखाच्या वर गेली. कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे विकला गेला. पुढच्या हंगामात आपण तोच भाव मनात धरून कापूस घरात भरून ठेवला. तिकडे दुकानात कपडा उठत नव्हता, म्हणून सूतगिरण्यांनी हात आखडता घेतला होता. त्यांना ती खबर आधी होती. आपल्याला कळेपर्यंत उन्हाळा आला, घरात पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली आणि भाव उतरत राहिला. आसुडाची मूठ वीतभर हलते, टोक मात्र हातभर फिरते. दुकान ही मूठ आहे, आपण टोकावर आहोत. ज्याला खबर आधी, तो माल साठवत नाही. ज्याला शेवटी, त्याच्या घरात ढीग.

काही जण म्हणतील, बाजार आला म्हणूनच हे झाले, जुनेच बरे होते. आम्हाला तसे वाटत नाही. रांग जुन्यातही होती आणि ढीगही आपलाच होता. पण बाजाराप्रमाणे चाला म्हणणाऱ्या सरकारनेही बाजाराप्रमाणे चालावे. २०२१ च्या फेब्रुवारीत कापसावर ११ टक्के आयातशुल्क लागले. १९ ऑगस्ट २०२५ रोजी, नवा कापूस येण्याच्या तोंडावर, ते उठवले आणि ३१ डिसेंबरपर्यंत उठवलेलेच ठेवले. गिरणीची हाक दिल्लीला लगेच ऐकू आली. याविरुद्ध बोलत राहावे लागेलच.

मात्र एक काम आपल्या हातातले आहे. जिनिंगमधून निघालेल्या १७० किलोच्या गाठीला आज नंबर असतो, यंत्रावर तपासलेली लांबी, मजबुती, तलमपणा आणि कचरा असतो. भारतीय कापूस महामंडळाच्या गाठीवर क्यूआर कोडही असतो. गाठ बोलते. आपला कापूस मुका आहे. खेडा खरेदीवाला येतो, पहिली वेचणी, तिसरी वेचणी, फरदड आणि कवडी एकाच गाडीत ओततो. मग भाव लागतो तो सगळ्यांत वाईट मुठीचा.

आता हिशेब धरा. रुई किलोला १५० रुपये, सरकी ३० रुपये. एकाच्या क्विंटल कापसात ३३ किलो रुई निघते, दुसऱ्याच्या ३६ किलो. तीन किलो रुई जास्त म्हणजे ४५० रुपये, तीन किलो सरकी कमी म्हणजे ९० रुपये वजा. क्विंटलमागे ३६० रुपयांचा फरक. ढिगात दोघांना एकच भाव मिळतो. मग ते ३६० रुपये कुणाच्या खिशात गेले?

ज्वारीचेही तेच. खरिपाची ज्वारी पावसात सापडली की काळी पडते, मालदांडी पांढरी आणि टपोरी राहते. २०२५-२६ च्या हमीभावात संकरित ३,६९९ आणि मालदांडी ३,७४९. फरक ५० रुपये. भाकरी खाणारी बाई दुकानात दाणा हातावर घेऊन निवडते. तिची निवड खळ्यावर पोचायला हवी.

म्हणून चार कामे सांगतो. एक, वेचणी कापडी झोळीत करा. खताच्या प्लास्टिक पोत्याचा धागा कापडापर्यंत जातो आणि त्याला रंग चढत नाही. दोन, दव उडाल्यावर वेचा, उन्हात वाळवा. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि १२ च्या वर माल परत. तीन, पहिली, दुसरी वेचणी आणि कवडी वेगळी ठेवा. चार, गावातल्या दहा-पंधरा घरांनी एकच वाण लावा, कापूस एकत्र जिनिंगला नेऊन रुई करून घ्या, आणि ढीग न विकता तपासलेली गाठ विका. सरकीही आपलीच राहील.

चौथे काम या वर्षी प्रत्येक गावाला जमणार नाही, हे आम्ही जाणतो. देणेकऱ्याचा तगादा थांबत नाही. पण सुरुवातीला पैसा लागत नाही. शंभर ग्रॅम कापूस घ्या, हाताने सरकी सोडवा, सोनाराच्या काट्यावर रुई तोला. जितके ग्रॅम, तितके टक्के. एखादा टक्का इकडेतिकडे होईल, होऊ द्या. व्यापारी दारात येईल तेव्हा, "भाऊ, माझ्या कापसात रुई पस्तीस आहे, बोल," असे पहिले वाक्य तुमचे असू द्या.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपला आकडा चिठ्ठीवर लिहून आणा. त्या चिठ्ठ्या मांडूनच पुढचे बोलू.