काचेच्या टाकीतली भांडणं

पोरांच्या हट्टापायी आमच्या घरी माशांची टाकी आली. आठवड्यातच एका माशाची शेपटी कुरतडलेली दिसली. बाकीचे त्याला कोपऱ्यातून हलूही देईनात.

मासा वाईट नसतो, जागा आणि सोबत चुकते. फायटरचे दोन नर एकत्र ठेवूच नका, ते एकमेकांचा जीव घेतात. टायगर बार्ब एक-दोनच असले की दुसऱ्यांच्या शेपट्या ओढतात; सहा-सात असले की आपसातच पळापळ करतात. गप्पीच्या एका नराला दोन-तीन माद्या हव्यात, नाहीतर एकीचाच पिच्छा पुरवतो.

जखमी मासा आम्ही टाकीतलंच पाणी घेऊन मोठ्या बरणीत वेगळा ठेवला. लपायला फुटक्या मडक्याचे तुकडे धुऊन टाकीत ठेवले. नवा मासा सोडताना ते तुकडे, दगड हलवायचे, म्हणजे जुन्यांची हद्द मोडते.

भांडखोर मासा माणगंगेत किंवा विहिरीत मात्र सोडू नका. हौसेच्या टाक्यांतला सकर मासा उजनीत पसरला आणि आता मच्छीमारांची जाळी फाडतोय. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या.